मशेरी : दंतमंजन की तंबाखू?

तंबाखू म्हटली की चंची सोडून चुना मळणारा शेतकरी डोळ्यांसमोर येतो, नाहीतर विडी ओढणारा म्हातारा. बाई येत नाही. परंतु महाराष्ट्रात तंबाखूचा एक प्रकार मुख्यत्वे स्त्रियांच्याच हाती आहे. तो म्हणजे मशेरी. घाटावर तिला मिसरी म्हणतात.

तंबाखू तव्यावर काळीभोर होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि डबीत भरायची, एवढीच कृती. भाजताना असा ठसका उठतो की शेजारच्या खोल्याही खोकू लागतात. विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत बरीच बिऱ्हाडे सातारा-सांगलीकडची. गाव सुटले, डबी सुटली नाही. सुरुवात दात घासण्यापासून. मग दाढ दुखते म्हणून, पोट साफ व्हावे म्हणून, कधी भूक मारायला. सासूच्या डबीतून ती सुनेच्या बोटावर येते.

बाईने विडी ओढली तर गाव बोलेल. दात घासले तर कोण बोलणार? माझ्या मते मशेरी टिकली ती या सोयीमुळे. मागे चाळीत आरोग्यसेविका आल्या. "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला आई "नाही" म्हणाली. ती खोटे बोलत नव्हती. मशेरीला ती तंबाखू समजतच नाही. "मशेरी लावता का?" असेच विचारायला हवे होते.

कायद्याचेही तसेच. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ साली बंदी झाली, राज्यात गुटखाबंदी २०१२ साली आली. पण साधी तंबाखू आणून घरच्या चुलीवर भाजली, तर तिथे कोणता निरीक्षक येणार?

तोंडाच्या कर्करोगाचे भय सर्वांना ठाऊक आहे. गर्भावरचा परिणाम मात्र फारसा कोणी सांगत नाही. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या तंबाखू घेणाऱ्या स्त्रिया बहुतेक मशेरीच लावत होत्या. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणेही त्यांच्यात अधिक झाली.

हे मी घरी वाचून दाखवले. वहिनीला सातवा महिना आहे. आई म्हणाली, "आम्ही नाही का लावली? तुम्ही चौघं झालातच की!" वहिनी काही बोलली नाही. तेव्हापासून ती फक्त सकाळी एकदा लावते. दुपारी डोके धरून बसते. शरीराला निकोटिनची सवय लागलेली असते, त्याचा हा त्रास. उरलेली सकाळचीही सोडायची म्हणते. आईने मात्र परवाच नवी पुडी आणली आहे.