आठ मूलद्रव्ये, सहा हजार खनिजे

सैंधवाचा खडा कुटला की त्यातून मिठाचा बारीक कण मिळतो, कडा जेमतेम ०.३ मिलिमीटर. त्या एका कडेवर सोडियम आणि क्लोरिनचे दहा लाखांहून अधिक अणू आळीपाळीने, ठरावीक अंतर राखून बसलेले असतात. अख्ख्या कणातले अणू मोजायचे तर १२ लिहून पुढे १७ शून्ये द्यावी लागतील. सेकंदाला एक कोटी या वेगाने मोजले, तरी मोजणी संपायला ३,८०० वर्षे लागतील!

निसर्गात तयार झालेला घन पदार्थ, ठरलेले रासायनिक घटक आणि अणूंची अशी शिस्तबद्ध मांडणी, ही झाली खनिजाची ओळख. आज सहा हजारांहून अधिक खनिजांना अधिकृत मान्यता आहे. पण हा पसारा उभा करणारा कच्चा माल किती थोडा! भूकवचाच्या वजनात ऑक्सिजन सुमारे ४६ टक्के आणि सिलिकॉन सुमारे २८ टक्के. आणखी सहा मूलद्रव्ये धरली की ९८ टक्क्यांचा हिशेब पुरा होतो. म्हणूनच भूकवचाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग एकाच कुळातल्या, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या जोडीवर उभ्या सिलिकेट खनिजांनी व्यापला आहे. ऑक्साइड, सल्फाइड, कार्बोनेट, फॉस्फेट ही इतर कुळे उरलेल्या जागेत.

कूळ रसायनावरून कळते, पण तेवढ्याने भागत नाही. हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही निव्वळ कार्बन. एक सगळ्यांत कठीण, दुसरे बोटाला काळे फासण्याइतके मऊ. फरक फक्त अणूंच्या मांडणीचा. अशा मांडण्या किती असू शकतात? १८९१ मध्ये फ्योदोरोव आणि शॉनफ्लीस यांनी स्वतंत्रपणे गणिताने दाखवले की, त्रिमितीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या रचनांचे सममितीनुसार २३० प्रकार होतात. हे सगळे सात स्फटिक-प्रणालींत बसतात.

हाती आलेला खडा ओळखताना रंगावर विसंबू नये. पायराइट सोन्यासारखे चमकते. पण सोने पाण्याच्या १९ पटींहून जड, तर पायराइट पाचच पट. हेमॅटाइट दिसते काळे, पण झिलई नसलेल्या पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यावर घासले की रेघ उमटते तांबडी. कठीणपणासाठी फ्रीडरिख मोस यांनी १८१२ मध्ये दहा खनिजांची उतरंड लावली. संगजिरे १, जिप्सम २, क्वार्ट्झ ७, कुरुविंद ९, हिरा १०. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. नऊ आणि दहात अंतर एकाचे, पण प्रत्यक्ष मोजमापात हिरा कुरुविंदाच्या जवळजवळ चौपट कठीण.

मऊपणा मात्र भव्यतेच्या आड येत नाही. जिप्समवर नखानेही ओरखडा उठतो. त्याच जिप्समचे अकरा मीटर लांबीचे स्फटिक मेक्सिकोतल्या नाइका खाणीत २००० साली सापडले. तिथे एक मीटर जाडीचा स्फटिक घडायला सुमारे दहा लाख वर्षे लागली असावीत, असा अंदाज आहे.

आपल्या पायाखालीही असे भांडार आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने घडलेला दख्खनचा काळा दगड आज जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. लाव्ह्यातल्या वायूंच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटचे स्फटिक वाढले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतले गडद निळे कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना हवेसे वाटते.

आणि आता दोन टोके. पृथ्वीच्या आकारमानाचा सुमारे ३८ टक्के भाग एकाच खनिजाचा, ब्रिजमनाइटचा. तरीही २०१४ पर्यंत त्याला अधिकृत नाव नव्हते, कारण नैसर्गिक नमुना तपासल्याशिवाय नाव मिळत नाही आणि हे खनिज ६६० किलोमीटरहून खोल दडलेले. अखेर नमुना मिळाला तो १८७९ साली ऑस्ट्रेलियात पडलेल्या एका उल्कापाषाणात. दुसऱ्या टोकाला म्यानमारच्या मोगोक भागातले क्यॉथुआइट. त्याचा जगात एकच ज्ञात नमुना, वजन १.६१ कॅरट, म्हणजे ग्रॅमचा जेमतेम तिसरा हिस्सा. दोघांनाही विचारलेले प्रश्न तेच: अणू कोणते आणि मांडले कसे? एक पृथ्वीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग व्यापणारे, दुसरे चिमटीत मावणारे. सहा हजारांच्या यादीत जागा मात्र दोघांना एकेकच.