गोल्फमध्ये दोन फुटांवरचा चेंडू न मारताच 'गेला' असं का धरतात?

७ ऑगस्ट २०२१ च्या पहाटे अनेक भारतीयांनी आयुष्यात पहिल्यांदाच गोल्फ पाहिलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या शर्यतीत होती आणि शेवटी एका फटक्याने पदक हुकून ती चौथी आली. त्या दिवशी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. चेंडू छिद्रापासून अगदी वीतभर अंतरावर थांबला, तरी खेळाडू पुढे जाऊन तो आत ढकलत होत्या.

आता रायडर कप पाहा. अमेरिका आणि युरोपच्या संघांमधली ही स्पर्धा. इथे चेंडू दोन फुटांवर थांबतो, समोरचा खेळाडू 'दॅट्स गुड' म्हणतो आणि चेंडूवाला तो उचलून खिशात टाकतो. फटका मारलेलाच नसतो. तरी तो मारला आणि चेंडू आत गेला, असं धरलं जातं. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये असं काही झालं असतं तर संध्याकाळपर्यंत भांडण मिटलं नसतं!

ग्रीनवर, म्हणजे छिद्राभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, चेंडू घरंगळत नेणाऱ्या फटक्याला 'पट' म्हणतात. प्रतिस्पर्ध्याचा छोटा पट न मारताच मान्य करणं म्हणजे पट 'देणं'. अशा दिलेल्या पटाला बोलीभाषेत 'गिमी' म्हणतात. हा शब्द इंग्रजीतल्या 'गिव्ह मी'वरून आला. गंमत अशी की पट मागायचा नसतो, असा शिष्टाचार आहे आणि शब्दाचा अर्थ मात्र 'मला दे'!

ऑलिंपिकमध्ये का नाही?

ऑलिंपिकमध्ये खेळतात ते स्ट्रोकप्ले. त्यात प्रत्येक खेळाडूचे सगळे फटके मोजतात आणि सर्वांत कमी फटके ज्याचे, तो जिंकतो. तिथे तुम्ही सोबतच्या खेळाडूला एक पट देऊन टाकलात, तर मैदानावरच्या बाकी सगळ्यांवर अन्याय होईल. म्हणून तिथे प्रत्येक चेंडू आत घालावाच लागतो.

मॅचप्लेमध्ये दोनच बाजू असतात. प्रत्येक होल ही वेगळी लढत. त्या होलवर ज्याचे फटके कमी, त्याने तो होल जिंकला; समान असले तर बरोबरी. शेवटी कोणी किती होल जिंकले, एवढंच बघायचं. पट दिला तर नुकसान फक्त देणाऱ्याचं होतं. स्वतःचं नुकसान करून घ्यायचा हक्क नियमांनी खेळाडूला दिलेला आहे.

नियमात किती फूट लिहिलंय?

एकही नाही. कोणता पट द्यायचा आणि कोणता नाही, हे पूर्णपणे समोरच्याच्या मर्जीवर आहे. चार बोटांवरचा चेंडूही मारायला लावला, तरी नियम मोडत नाही.

नियम बोलतो तो वेगळ्याच गोष्टींबद्दल. पट देणं स्पष्टपणे कळवलं पाहिजे. एकदा दिला की परत घेता येत नाही आणि ज्याला दिला, त्याला नाकारताही येत नाही. कॅडीला, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणाऱ्या आणि त्याला सल्ला देणाऱ्या सोबत्याला, पट द्यायचा अधिकार नाही.

क्लबांमध्ये 'लेदरच्या आत' असं एक माप चालतं. पटरचं डोकं छिद्रात ठेवून दांडा जमिनीवर आडवा धरायचा. चेंडू दांडा आणि मूठ यांच्या सांध्याच्या आत, म्हणजे साधारण दोन फुटांत असेल, तर दिला. पूर्वी मुठीला चामडं गुंडाळलेलं असायचं, त्यावरून हे नाव. पण हे मित्रामित्रांमधलं माप झालं. अमुक अंतराच्या आतले सगळे पट एकमेकांना द्यायचे, असं सामन्याआधी ठरवायला नियमांची चक्क मनाई आहे. ती माहीत असूनही ठरवलं, तर दोघंही बाद होतात. पट त्या त्या वेळी, त्या त्या चेंडूकडे बघूनच द्यायचा.

बर्कडेल, १९६९

पट देण्याची सर्वांत गाजलेली गोष्ट सप्टेंबर १९६९ मधली, इंग्लंडच्या रॉयल बर्कडेल मैदानावरची. तेव्हा रायडर कप अमेरिका विरुद्ध ग्रेट ब्रिटन असा व्हायचा आणि १९५७ नंतर ब्रिटनने तो जिंकला नव्हता. तीन दिवसांच्या खेळानंतर दोन्ही संघांचे साडेपंधरा गुण झाले होते. मैदानावर एकच सामना उरला होता : अमेरिकेचा जॅक निकलॉस विरुद्ध त्याच वर्षी ब्रिटिश ओपन जिंकलेला टोनी जॅकलिन. सतराव्या होलवर जॅकलिनने लांबलचक पट घालून बरोबरी साधली. राहिला शेवटचा, अठरावा होल.

जॅकलिनचा पहिला पट छिद्राच्या सुमारे दोन फूट अलीकडे थांबला. निकलॉसचा छिद्र ओलांडून चार-पाच फूट पुढे गेला. निकलॉसने आधी मारला आणि आत घातला. आता सगळं जॅकलिनच्या दोन फुटांवर होतं. त्याने चेंडू घातला तर रायडर कपच्या इतिहासातली पहिली बरोबरी, हुकवला तर अमेरिकेचा विजय.

निकलॉसने वाकून जॅकलिनच्या चेंडूची खूण उचलली आणि त्याच्या हातात दिली. तू हुकवला असतास असं मला वाटत नाही, पण या परिस्थितीत तशी वेळच तुझ्यावर येऊ द्यायची नव्हती, अशा आशयाचं काहीतरी तो बोलला. सामना १६-१६ असा बरोबरीत सुटला.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात. पण पुढचं महत्त्वाचं आहे. अमेरिकेचे कप्तान सॅम स्नीड यांना हे अजिबात आवडलं नाही. आम्ही इथे जिंकायला आलो होतो, असं त्यांचं म्हणणं. बरोबरी झाली तरी आधीचा विजेता म्हणून कप अमेरिकेकडेच राहणार होता, हे खरं. म्हणजे निकलॉसने कप दिला नाही, विजय दिला. मात्र तो विजय त्याच्या एकट्याचा नव्हता, अख्ख्या संघाचा होता. स्नीड यांचा राग मला तरी अगदीच चुकीचा वाटत नाही.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर फेब्रुवारी १९८० मध्ये वानखेडेवर झालेली सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंडचा डाव कोसळलेला असताना पंचांनी बाद दिलेल्या बॉब टेलरला कप्तान गुंडाप्पा विश्वनाथने परत बोलावलं. टेलर आणि इयान बॉथमने १७१ धावांची भागीदारी केली आणि भारत दहा गडी राखून हरला. विश्वनाथच्या दिलदारपणाचं कौतुक आजही होतं. किंमत अकरा जणांनी मोजली.

पण दोन फुटांवरून कोण हुकवतं?

तीन फुटांवरून व्यावसायिक खेळाडू शंभरातले साधारण नव्व्याण्णव पट घालतात. भानगड त्या उरलेल्या एकाची आहे. बर्कडेलनंतर वर्षभरानेच, १९७० च्या ब्रिटिश ओपनमध्ये, डग सँडर्सला जिंकण्यासाठी शेवटच्या होलवर तीन फुटांच्याही आतला पट हवा होता. तो हुकला. दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये सँडर्स हरला आणि जिंकला कोण, तर जॅक निकलॉस. १९८३ मध्ये त्याच बर्कडेलवर हेल अर्विनने दोनेक इंचांवरचा चेंडू निष्काळजीपणे ढकलायला जाऊन पटर हवेतच फिरवला आणि शेवटी एका फटक्याने स्पर्धा गमावली. २०१२ मध्ये दक्षिण कोरियाच्या किम इन-क्युंगने फूटभरावरचा पट हुकवला आणि एक मोठी स्पर्धा तिच्या हातून गेली.

हे सगळं स्ट्रोकप्लेमधलं आहे, तिथे द्यायचा प्रश्नच नव्हता. पण यावरून कळतं की पट देणारा नेमकं काय देतो. अंतर किरकोळ असतं, खरी भीती छातीतल्या धडधडीची असते.

म्हणूनच तो डावपेचही असतो

सुरुवातीच्या दहा होलवर अडीच फुटांचे पट उदारपणे द्यायचे आणि सोळाव्या होलवर तसाच पट आला की गप्प बसायचं. समोरच्याने दिवसभर असा एकही पट मारलेला नसतो, त्यामुळे हात थरथरतो. हे नियमात बसतं आणि माझ्या मते शिष्टाचारातही बसतं. देणं ही मेहेरबानी असेल, तर ती मिळालीच पाहिजे असा हट्ट कसा धरणार? २०२१ च्या रायडर कपमध्ये जस्टिन थॉमस आणि ब्रायसन डीशॅम्बो यांनी छोटे पट मारावे लागल्यावर पटर जमिनीवर आडवा ठेवून 'हे बघा, लेदरच्या आत होता' असं दाखवलं होतं. रुसून बसण्याचाच तो प्रकार.

दोघादोघांच्या जोड्यांमध्ये, प्रत्येकाचा आपापला चेंडू असेल तेव्हा, आणखी एक खुबी असते. जोडीतल्या एकाचा पट मुद्दाम देऊन टाकायचा, म्हणजे त्याचा चेंडू कसा वळतो हे बघून साथीदाराला अंदाज येणार नाही. दिल्यानंतरही त्याने तो पट मारला आणि त्यातून साथीदाराला मदत होत असेल, तर साथीदाराचा त्या होलचा स्कोअर धरत नाहीत.

मग शिष्टाचार नेमका कुठे आहे? थोडक्यात असा : पट मागू नये, नजरेनेही नाही. द्यायचा तर लगेच द्यावा. समोरचा वाकून, रेषा बघून मारायला उभा राहीपर्यंत ताटकळत ठेवू नये. आणि मोठ्याने, शब्दांत सांगावं. या शेवटच्या मुद्द्यावर सर्वांत जास्त घोळ झालेत.

'आम्ही दिलाच नव्हता'

सॉल्हाइम कप ही रायडर कपसारखीच अमेरिका-युरोप अशी महिलांची स्पर्धा. २०१५ मध्ये ती जर्मनीत होती. एका जोडी-सामन्यात सतराव्या होलवर अमेरिकेच्या अ‍ॅलिसन लीचा पट हुकला आणि चेंडू छिद्रापुढे सुमारे दीड फुटावर थांबला. युरोपची चार्ली हल ग्रीनच्या कडेकडे चालू लागली. दिला असं समजून लीने चेंडू उचलला. हलची साथीदार सुझान पेटरसन म्हणाली, आम्ही दिलाच नव्हता. नियमाने ते बरोबर होतं. अमेरिकेने तो होल गमावला आणि पुढे सामनाही. हल रडत होती, अमेरिकेच्या कप्तान जुली इंकस्टर संतापल्या होत्या. दिवसअखेर एकेरीच्या सामन्यांमध्ये अमेरिकेने १०-६ अशी पिछाडी भरून काढत कप १४½-१३½ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी पेटरसनने इन्स्टाग्रामवर माफी मागितली.

पेटरसनवर भरपूर टीका झाली. पण चुकलं कुठे? दीड फुटाचा पट न देणं हा तिचा हक्क होता. चेंडू आपणहून उचलणं ही लीची चूक. माझा आक्षेप मधल्या त्या काही सेकंदांना आहे, जेव्हा 'दिला' किंवा 'मार' यातलं काहीच न बोलता एक खेळाडू चालू लागली.

मार्च २०१९ मध्ये ऑस्टिनला उलटं घडलं. सर्जिओ गार्सियाचा पट हुकला आणि चेंडू छिद्रापाशी काही इंचांवर थांबला. मॅट कूचर 'दिला' म्हणायच्या आधीच गार्सियाने रागारागाने उलट्या पटरने चेंडू ढकलला. तोही हुकला. मारून झालेला फटका देता येत नाही, त्यामुळे होल कूचरला गेला. कूचरला हे अवघडल्यासारखं झालं. मग पुढचा एखादा होल मला देऊन टाक, असं गार्सियाने सुचवलं. कूचरने ते मानलं नाही आणि सामना जिंकला. होल देणं नियमात बसलं असतं, पण न दिल्याबद्दल कूचरला दोष देता येत नाही. थांबायचं होतं ते गार्सियाने.

आजच्या नियमात लीसारख्या प्रसंगासाठी थोडी सोय आहे. समोरच्याच्या बोलण्यावरून किंवा कृतीवरून पट दिला असा गैरसमज होणं स्वाभाविक असेल, तर चेंडू दंडाशिवाय परत जागेवर ठेवून मारता येतो. कृती नेमकी कशाला म्हणायची, यावर पंचासमोर वाद होऊ शकतोच. त्यामुळे काहीच ऐकू आलं नसेल, तर चेंडूच्या मागे खूण ठेवा आणि तो मारायची तयारी करा. द्यायचाच असेल तर समोरचा तेवढ्यात बोलेल.