पायवाट गुडघ्याला विचारून आखावी

नशिराबादचे लोक पहाटे फिरायला निघतात ते बहुधा जळगाव-भुसावळ महामार्गाच्या कडेने. शेजारून ट्रक धावतात, धूळ नाकात जाते. डॉक्टर ‘रोज चाला’ म्हणतात. कुठे, ते सांगत नाहीत.

तापीपलीकडे सातपुडा आहे. १९६९ मध्ये जाहीर झालेले, सुमारे १७५ चौरस किलोमीटरचे यावल अभयारण्य आणि त्यालगतचे पाल सकाळी निघून संध्याकाळी परतण्याइतके जवळ. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मार्गदर्शकासह पायवाटांवर फिरवतात, तसे इथेही का नको, हा प्रश्न रास्त आहे. मात्र पायवाट म्हणजे झाडे तोडून पेव्हर ब्लॉक बसवणे नव्हे.

चांगली वाट डोंगरावर सरळ चढत नाही, उताराला आडवी जाते. सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे शंभर पावलांत दहा पावलांएवढी उंची, असा सर्वसाधारण दंडक आहे. सरळ चढणारी वाट पहिल्या पावसात ओहोळ होते. मग लोक चिखल टाळून कडेने चालतात, वाट रुंदावत जाते आणि गवत मरते. म्हणून दरीकडे किंचित कललेली, पाणी आडवे सोडणारी वाट टिकते.

हाच दंडक गुडघ्यांच्याही सोयीचा. झिजलेला गुडघा चढताना धाप लागण्याआधी थांबवत नाही. तो बोलतो उतरताना, कारण उतारावर मांडीच्या स्नायूंना शरीराचा भार ताणत ताणत अडवावा लागतो. साठीच्या माणसाला उंच दगडी पायऱ्यांपेक्षा लांबची, वळणावळणाची वाट झेपते. सुरुवातीलाच अंतर, चढ आणि परतीची वेळ लिहिलेली पाटी हवी. मधुमेही माणूस ती वाचूनच ठरवेल, की खिशात साखर ठेवून पूर्ण फेरी करायची की अर्ध्यावरून परतायचे. पायाला बधिरपणा असेल तर फोड आलेला कळत नाही, तेव्हा चप्पल नको, बूट-मोजे हवेत. घरी आल्यावर तळवे पाहावेत.

खानदेशात खरा शत्रू ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तेव्हा वाट सकाळी नऊनंतर बंदच ठेवावी. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या शरीरातले पाणी लवकर कमी होते. बोलणे असंबद्ध झाले, चाल अडखळली, तर सावली, अंगावर पाणी आणि वारा, आणि ताबडतोब दवाखाना. चक्कर आली म्हणून लिंबू-पाणी पाजत बसू नये.

पावसाळ्यानंतर गवतातल्या बारीक गोचिडीसारख्या किड्यांच्या पिल्लांपासून स्क्रब टायफस होतो. ताप आणि काखेत, जांघेत सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा डाग दिसला, तर जंगलात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. वेळेत दिलेल्या डॉक्सिसायक्लिनने तो बरा होतो. म्हणून वाटेच्या कडेचे गवत कापणे हे निव्वळ शोभेचे काम नव्हे.

नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच इंजेक्शन चालते, पण ते दवाखान्यात मिळते. आवळून बांधणे, चिरणे, चोखणे नको. अवयव न हलवता माणसाला उचलून न्यावे. त्यामुळे वाट आखण्याआधी नकाशावर तिचे सर्वांत लांबचे टोक आणि जवळचे इंजेक्शन असलेले रुग्णालय यांतले अंतर मोजावे. पायथ्याच्या पावरा, तडवी तरुणांना मार्गदर्शक करावे आणि पगाराबरोबर स्ट्रेचर व प्रथमोपचाराचे प्रशिक्षणही द्यावे. जंगल त्यांना माहीत आहे. उचलून न्यायची तयारी मात्र आधी करून ठेवावी लागते.