विजेच्या गिटारीचा स्वर आणि तिचा लोहचुंबक

घरांतील एखाद्या तरुणास विजेच्या गिटारीचा छंद लागला, म्हणजे थोड्याच दिवसांत वडीलमंडळींपुढें एक मागणी येते: ‘हिचा स्वर चांगला नाहीं, भारी चुंबकाचा पिकअप घ्यावयास पाहिजे.’ हा खर्च करावा कीं नाहीं, हें ठरविण्यापूर्वीं या वाद्यांतील चुंबकाचें कार्य समजून घेणें इष्ट, असें आम्हांस वाटतें.

तंबोऱ्याचा नाद भोपळ्यांत घुमतो. या गिटारीचें तसें नाहीं. तिच्या पोलादी तारांखालीं पिकअप असतो, म्हणजे एक लोहचुंबक व त्याभोंवतीं केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे कित्येक हजार वेढे. चुंबकाच्या सान्निध्यानें वरची पोलादी तार स्वतः चुंबकित होते. ती कंप पावूं लागली, कीं वेढ्यांतून जाणारें चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतें, आणि फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेल्या नियमानुसार तेथें वीज उत्पन्न होते. तीच पुढें ध्वनिवर्धकांत मोठी होते. नायलॉनच्या तारा या वाद्यास कां चालत नाहींत, हें यावरून उघड होईल.

१९३२ सालच्या रिकनबॅकर गिटारींत घोड्याच्या नालासारखे दोन पोलादी चुंबक होते. १९३१ सालीं जपानांत मिशिमा यांनीं लोखंड, निकेल व ॲल्युमिनियम यांचा चुंबकी मिश्रधातु शोधून काढला. पुढें त्यांत कोबाल्टची भर पडून ‘अल्निको’ कुळ प्रसिद्धीस आलें. त्याचे प्रकार अंकांनीं ओळखतात. दुसरा सौम्य, पांचवा, चुंबकीय क्षेत्रांत थंड केलेला, जोरकस. तिसऱ्याच्या नांवांत ‘को’ असूनही त्यांत कोबाल्ट नसतो! त्यानंतर लोखंडाच्या भस्मापासून भाजून केलेले, चिनी मातीसारखे कठीण फेराइट चुंबक आले. १९७८ सालीं काँगोच्या शाबा प्रांतांतील लढाईनें कोबाल्टचे भाव भडकले, तेव्हां कारखानदार या स्वस्त पदार्थाकडे अधिकच वळले.

स्वरावर परिणाम दोन वाटांनीं होतो. चुंबक जोरकस असला, कीं आवाज मोठा व ठसठशीत. सौम्य असला, कीं मऊ. दुसरें असें, कीं अल्निको धातु असल्यानें त्याच्या अंगांत भोंवऱ्यासारखे प्रवाह उठतात व स्वराची धार थोडी बोथट होते. फेराइटमधून वीज जवळजवळ वाहतच नाहीं. तरीही फेराइटचे स्वस्त पिकअप पुष्कळदां निराळेच वाजतात. कारण त्यांत चुंबकाची पट्टी खालीं ठेवून वर पोलादी खुंट्या बसविलेल्या असतात. स्वर पालटतो तो या पोलादानें, आणि बोल मात्र फेराइटला!

जोरकस चुंबक तारेच्या फार जवळ आला, तर तो तिला ओढूं लागतो. मग स्वर लवकर विरतो, आणि एकाच तारेंतून किंचित् भिन्न असे दोन स्वर निघाल्यासारखे वाटतात. बाजूचे स्क्रू फिरवून पिकअप थोडा खालीं घेतला, कीं हा दोष बहुधा जातो. खर्च कांहींच नाहीं.

म्हणून वडिलांनीं ही मागणी निव्वळ चैन समजून झिडकारूं नये. चुंबकानें स्वर पालटतो, हें खरें आहे. आणि तरुणांनीं आधीं पिकअपची उंची पाहावी, मग जुन्या तारा बदलाव्या, आणि एवढ्यानेंही कानाचें समाधान न झाल्यास मगच वडिलांकडे पैसे मागावे. नाचतां येईना अंगण वाकडें, असें कोणी म्हणूं नये, एवढी काळजी मात्र रोजच्या रियाजानेंच घ्यावयाची.