शिवेवर काय लावाल?

नाशिकच्या द्वारका चौकात आग्रा रस्ता आणि पुणे रस्ता एकत्र येतात. एक आडगाव-ओझरकडे जातो, दुसरा नाशिकरोड, पळसे, सिन्नरकडे. या दोन्ही रस्त्यांच्या कडेच्या जमिनीला भाव आला, तसा बांध कोरण्यालाही जोर चढला. ट्रॅक्टरचा फाळ दरवर्षी चार बोटे बांध खातो आणि दहा वर्षांनी भाऊबंद कचेरीत उभे राहतात. म्हणून सभासद बंधू विचारतात, "शिवेवर एकदाचं काहीतरी लावून टाकायचंय, काय लावू?"

रोप आणण्याआधी हिशेब मांडा. दहा एकराचा चौकोनी तुकडा धरला तर त्याची एक बाजू ६६० फूट, चारी बाजू मिळून २६४० फूट. कुंपणासाठी पाच फुटांचा पट्टा सोडला तरी १२ गुंठे गेले. एवढी जमीन देऊन काय मिळणार, हे आधी ठरवावे.

आता सावली. ऊस हे उन्हाचे पीक. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य दक्षिणेला कलतो आणि ३० फुटी झाडाची सावली भर दुपारी सुमारे २८ फूट उत्तरेकडे पडते. दक्षिण बांधावर उंच झाडांची दाट रांग लावली तर ती सावली आपल्याच उसावर येते. ६६० फुटांच्या बांधाला त्या वेळी सतरा गुंठे सावलीत! उत्तर बांधावर लावली तर शेजाऱ्याच्या उसावर, आणि मग भांडण ठरलेले. म्हणून दक्षिणेला बुटके कुंपणच बरे. उंच झाडे उत्तरेला, तीही पलीकडे रस्ता, नाला किंवा पाट असेल तरच.

पश्चिमेची गोष्ट वेगळी. पावसाळी वारा तिकडूनच येतो आणि वाढलेला ऊस लोळवतो. तिथे वारा अडवणारी रांग हवी, पण भिंतीसारखी गच्च नको. गच्च रांगेवरून वारा उसळतो आणि पलीकडे भोवरा घेऊन खाली आदळतो. थोडा वारा गाळून सोडणारी रांग आपल्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत आडोसा देते. पानमळेवाले शेवरी, हादगा, पांगारा उगीच लावत नसत. लवकर आडोसा हवा तर शेवरी लावा, कायमचा हवा तर बांबू. मानवेल लावा, किंवा काटेरी कटांग. कटांगात गुरूही घुसत नाही. मात्र बांबूची मुळे उसाचे पाणी पितात. रांग आणि ऊस यांच्यामध्ये दोन फूट खोल चर काढून तो दरवर्षी उकरावा लागतो. ही मेहनत नको असेल तर बांबूच्या वाटेला जाऊ नये.

बांधावरच्या झाडांचा विषय निघाला की निफाड तालुक्यातल्या कुंदेवाडीचे विनायकदादा पाटील आठवतात. त्यांनी शेतकऱ्यांना निलगिरीच्या शेतीकडे वळवले, लोक त्यांना 'वनाधिपती' म्हणत. २०२० साली ते गेले. सलग लागवडीत, लाकडासाठी, निलगिरी शोभते. पण बागायती उसाच्या बांधावर तिला बसवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. कडेच्या चार-पाच सऱ्या ती खुरट्या करून ठेवते. सुबाभळीचे बी जिकडेतिकडे पडते आणि रोपे उपटता उपटता कंबर मोडते.

कुंपणाला आमची पहिली पसंती गिरिपुष्पाला. जूनमध्ये चार-पाच फुटी खुंट रोवले की जीव धरतात. वर्षातून दोन-तीनदा छाटा. पाला उसाच्या सरीत गाडला की नत्र मिळते. खालची फट बुजवायला सागरगोटा, चिल्हार किंवा करवंद. जनावरे निरगुडीला तोंड लावत नाहीत. कोरडवाहू कडेला घायपात चालते. शेराचा चीक डोळ्यात गेला तर दृष्टीला धोका, आणि मोगली एरंडाचे बी विषारी. वस्तीजवळ, पोरे खेळतात तिथे, दोन्ही नकोत. वस्तीलगतचे कुंपण छाटून बुटकेच ठेवा. उसात बिबट्या असतो, त्याला दाराशी आणखी आडोसा कशाला?

कडुनिंब, बाभूळ, बोर आधीच बांधावर असतील तर तोडू नका, पण लक्ष ठेवा. वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून याच झाडांचा पाला खायला जमतात. रात्री आठच्या सुमाराला फांद्या हलवून भुंगेरे पाडायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे. एकट्याने करून भागत नाही, सगळ्या शिवाराने एकाच वेळी करावे. ज्याच्या बांधावर हे झाड आहे त्याने त्या दिवसांत शेजाऱ्यांना हाक मारावी.

कायद्याचे दोन शब्द. साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, जांभूळ ही झाडे स्वतःच्या रानातली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. लावल्यावर सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. २०२१ पासून ई-पीक पाहणीत बांधावरची झाडेही नोंदवता येतात. वहिवाटीच्या बांधावरचा रस्ता कुंपणाने बुजवू नका. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार तो मोकळा करून देऊ शकतात. शिवाय ऊस भरलेली ट्रॉली वळवायला तुम्हालाच तो लागेल.

आणि हे सगळे मोजणीनंतर. भूमी अभिलेखातून हद्द कायम करून 'क' प्रत हातात घ्या, शेजाऱ्याला बोलावून खुणा दाखवा, मग खुणेच्या दोन-तीन फूट आत खड्डे मारा. खड्डे मे महिन्यात तापू द्यावेत, जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर खुंट आणि रोपे लावावीत.