सोडियम बेंझोएट : गुणधर्म आणि वापरताना घ्यायची काळजी

आज एका पांढऱ्या पुडीबद्दल बोलायचंय. तुमच्यापैकी बरेच जण कोकमाचं सरबत, जांभळाचा किंवा आंब्याचा स्क्वॉश करता. कुणी घरापुरता, तर कुणी बचत गटातर्फे विकायला. त्यात शेवटी जे 'प्रिझर्व्हेटिव्ह' पडतं, ते पुष्कळदा सोडियम बेंझोएट असतं. लेबलवर त्याचा क्रमांक २११ असा दिसेल. एकच मुद्दा पक्का धरा : हा क्षार स्वतः फारसं काही करत नाही, पदार्थातली आंबटाई त्याच्याकडून काम करून घेते.

आधी हे आहे काय ते बघू. बेंझोइक आम्ल नावाचं एक सेंद्रिय आम्ल आहे. हे नाव आलं बेंझोइन नावाच्या झाडाच्या राळेवरून. आपल्याकडे लोबान किंवा ऊद म्हणून जे निखाऱ्यावर टाकतात, त्यात ही राळ असते. दालचिनी आणि लवंगेतही हे आम्ल थोडं असतं. अडचण अशी की ते पाण्यात नीट विरघळत नाही. खोलीच्या तापमानाला एका लिटरमध्ये जेमतेम ३.४ ग्रॅम! त्याचा सोडियम क्षार केला, की तेवढ्याच पाण्यात ६०० ग्रॅमच्या आसपास विरघळतो. म्हणून बाजारात क्षार मिळतो.

पण बुरशी आणि यीस्टला रोखतं ते मूळ आम्ल. क्षार आंबट रसात पडला, की त्याचं परत आम्ल होतं. या आम्लाच्या रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून तो सूक्ष्मजीवाच्या पेशीचं आवरण ओलांडून आत शिरतो. आत गेल्यावर तो विघटित होतो आणि पेशी आतून आंबट होऊ लागते. ती आंबटाई बाहेर फेकण्यात पेशीची ताकद खर्च होते, वाढ थांबते.

आता हिशोब बघा. रसाचा सामू, म्हणजे पीएच, ३ असेल तर सुमारे ९४ टक्के भाग कामाच्या रूपात असतो. सामू ४ असेल तर ६१ टक्के. ५ ला १४ टक्के, आणि ६ ला दोन टक्केसुद्धा नाही. म्हणून कोकमात हे छान चालतं. उसाच्या रसाचा सामू ५ च्या आसपास, तिथं चालत नाही. मग 'जरा जास्त टाकू' हा उपाय नव्हे. आणि आंबलेला, बुरशी आलेला माल यानं दुरुस्त होत नाही.

तुम्ही म्हणाल, केएमएस का नको? केएमएसमधून सल्फर डायऑक्साइड निघतो. तो कोकम-जांभळाचा लाल-जांभळा रंग फिका करतो, आणि काही दमेकऱ्यांना त्रासही देतो. म्हणून रंगीत रसांना बेंझोएट. दोन्ही पुड्या दिसायला सारख्या, पण प्रमाणं वेगळी. एकाच्या जागी दुसरी टाकू नका.

प्रमाणाचं बोलू. १९५५ च्या फळ उत्पादन आदेशात स्क्वॉशसाठी किलोला ६०० मिलिग्रॅम बेंझोइक आम्ल ही कमाल मर्यादा होती. पदार्थागणिक आकडा बदलतो, तेव्हा परवाना घेताना सध्याचा नियम तपासा. आकडा आम्लाचा आहे हे विसरू नका. तेवढं आम्ल मिळायला क्षार सुमारे ७०० मिलिग्रॅम लागतो, म्हणजे १० किलोला ७ ग्रॅम. चमच्याने अंदाज घेऊ नका, ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या.

एवढी काटेकोरी कशाला? युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनाला ५ मिलिग्रॅम कायम ठेवली. २० किलोच्या मुलासाठी ती झाली १०० मिलिग्रॅम. एका पेल्यात ६० ग्रॅम स्क्वॉश गेला तर ३६ मिलिग्रॅम. दोन पेले चालतील. पण अंदाजाने चौपट पडलं, तर एकाच पेल्यात १४४! एरवी यकृत त्याला ग्लायसिनशी जोडून लघवीवाटे बाहेर टाकतं, तेव्हा योग्य मात्रेत घाबरायचं कारण नाही.

घालायचं कसं? कोरडी पूड थेट रसात टाकू नका. तिथल्या तिथे आम्ल तयार होतं आणि पांढरे कण तळाशी बसतात. मग एका बाटलीत जास्त, दुसरीत काहीच नाही. वाटीभर कोमट पाण्यात पूर्ण विरघळवा आणि बारीक धारेनं ढवळत ओता. रस उकळत असताना नको, कारण हे आम्ल वाफेबरोबर उडून जातं.

आवळा, लिंबू अशा क जीवनसत्त्व भरपूर असलेल्या रसांत मात्र सांभाळा. क जीवनसत्त्व आणि बेंझोएट एकत्र असले, की उष्णता आणि उजेडात अत्यल्प बेंझीन तयार होऊ शकतं, आणि बेंझीन कर्करोगकारक आहे. लोखंड-तांब्याचे अंश ही क्रिया वाढवतात. अशा रसांना गरम करून निर्जंतुक करण्याचा पर्याय बरा. बेंझोएटच्या बाटल्या उन्हात ठेवू नका, भांडी स्टीलची वापरा.

शेवटी पुडीची काळजी. खाद्य दर्जाचंच घ्या. गंजरोधक म्हणून आणि शिट्टीच्या फटाक्यांतही हा क्षार वापरतात, तो औद्योगिक माल स्वयंपाकघरात नको. बारीक पूड डोळ्यांना, घशाला चुरचुरते. मोजताना मास्क लावा, पंखा बंद ठेवा. पूड उडवू नका, हवेत दाट धूळ झाली तर ती पेटू शकते. डोळ्यात गेलं तर १५ मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा, तरी चुरचुरलं तर डॉक्टर गाठा. हवाबंद बरणीत, कोरड्या जागी, ठळक नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. मीठ-साखरेच्या फळीवर तर मुळीच नको, कारण दिसायला ती अगदी तशीच आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.