लेकीचे कपडे घ्यायचे कुठे?

मुलगी दहावी पास होऊन कॉलेजला गेली की घरात पहिला प्रश्न फीचा येतो आणि दुसरा कपड्यांचा. फीचे आपण कसेतरी जुळवतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, पतपेढीतून कर्ज काढतो. कपड्यांवरून मात्र भांडण होते. आमच्याही घरी झाले. "मम्मी, तू आणलेला ड्रेस मी घालणार नाही," असे लेकीने तोंडावर सांगितले, तेव्हा तिच्या आजीने कपाळाला हात लावला. अंग झाकले म्हणजे झाले, असे आजीचे म्हणणे. मलाही राग आला.

पण मग त्याच आजीने सांगितलेली गोष्ट आठवली. ती ज्या घरी भांडी घासायला जायची, तिथली बाई दिवाळीला जुनी साडी द्यायची. हातात न देता कट्ट्यावर ठेवायची. ती नेसून बाहेर पडले की ओळखणारे ओळखायचे, कुणाची उतरलेली आहे ते. चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रे वापरावीत, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहूनच ठेवले आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला ती मनुस्मृती जाळली गेली. त्याच वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या बायांपुढे लुगडे नेसण्याच्या पद्धतीचा आणि अंगावरच्या जड दागिन्यांचा विषय काढला. ज्या नेसण्यावरून जात कळते ते सोडा, कपडा फाटका असला तरी स्वच्छ असू द्या, असे सांगितले. बायांनी तिथेच नेसण बदलली. लेकीने चांगले दिसण्याचा हट्ट धरला, तर तो नुसता लाड म्हणून उडवून लावता येत नाही.

मी कारकून, त्यात बी. कॉम. हिशेबाची खोड जात नाही. एका पाकिटात ३,००० रुपये घातले आणि तिच्या हातात दिले. हे वर्षाचे, वहीत लिहून ठेव, म्हटले.

पहिला रविवार मॉलमध्ये गेला. तिथल्या एका दुकानात तिने एक टॉप हातात घेतला. विकणाऱ्या मुलीने आधी माझ्या चपलांकडे पाहिले आणि म्हणाली, "वो महंगावाला है, आपका उधर है." लेकीने टॉप जागेवर ठेवला आणि गाडीत कल्याणपर्यंत एक शब्द बोलली नाही. मोर्चात घोषणा देणारी मी, पण त्या क्षणी मला उत्तर सुचले नाही. अजून टोचते ते.

पुढच्या रविवारी हिंदमाताला गेलो. दादर पूर्वेला उतरून चालत जाता येते. हा बाजार डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरच आहे. ड्रेस मटेरियल आणि कुर्ते बघावेत तर इथे. मात्र दोन गोष्टी. काही दुकाने घाऊकवाल्यांची, ती एक नग देत नाहीत. पायरी चढण्याआधीच विचारावे. आणि जोराच्या पावसात जाऊ नये, हिंदमाता तुंबते हे मुंबईत पोरासोरांनाही माहीत आहे. कापड घेताना पन्हा विचारायला विसरू नका. ३६ इंची पन्ह्यात अडीच मीटर आणि ४४ इंचीत अडीच मीटर यांत बाहीचा फरक पडतो. ओला रुमाल कापडावर घासून पाहा, रंग जात असेल तर रुमालच सांगतो. सुती असेल तर शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, जे आटायचे ते आधीच आटते. मंगलदास मार्केटातही कापडाची निवड भरपूर, पण ते रविवारी बंद असते. नोकरी करणाऱ्या बाईने तिथे जायचे कधी, हे व्यापाऱ्यांनाच विचारायला हवे!

जीन्ससाठी आम्ही लांब गेलो नाही. उल्हासनगरची जीन्स दूरदूर जाते आणि तिचे धागे आपल्याच वस्त्यांतल्या बाया घरी बसून नगावर कापतात. धागे आपण कापायचे आणि घालायची दुसऱ्यांनी, हे काही बरोबर नाही. आजीची कुरबूर चालूच होती. पण लोकलच्या गर्दीत चढायला जीन्स सोयीची, हे मी स्वतः वीस वर्षे साडी सावरत चढून शिकले आहे. घेताना चेन दोनतीनदा ओढून पाहावी, आतली शिवण उलटून पाहावी. ट्रायल रूम नसेल तर बटण लावून कंबरपट्टा मानेभोवती धरावा. दोन्ही टोके मागे जेमतेम भेटली तर कंबरेला बहुधा बसते.

टॉप घेतले फॅशन स्ट्रीटला, आझाद मैदानाजवळ, सीएसएमटीहून पायी दहा मिनिटे. तिथे मी गप्प राहिले. सहाशे सांगितलेला टॉप लेकीने अडीचशेला घेतला, तोही दोनदा पाठ फिरवून. माझ्याने झाले नसते. मोबाईलवरून मागवलेले मात्र आम्हाला मानवले नाही. चित्रातला रंग वेगळा, आलेला वेगळा.

पावतीबद्दल बोलायलाच हवे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी पाहून आपण मुकाट्याने परत येतो. माल सदोष निघाला तर ही पाटी चालत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, बिलावर मुदत दिली असेल तर तेवढ्या मुदतीत आणि दिली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घ्यायला नकार देणे, ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. 'आवडला नाही' हे कारण मात्र त्यात बसत नाही. आणि पावती हातात नसेल तर भांडायचे कशाच्या जोरावर? म्हणून दुकानातून घेताना पावती मागाच. दुकानदार तोंड वाकडे करील, करू द्या.

लेकीची वही परवा तपासली. दोन ड्रेस पीसचे ९००, शिलाई ८००, जीन्स ६००, दोन टॉप ५००, एकूण २,८००. उरलेले २०० तिने पाकिटात तसेच ठेवले आहेत. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कला स्टॉल लागतात, तिथला बाबासाहेबांचे चित्र असलेला निळा टी-शर्ट तिला हवा आहे. राहता राहिल्या चपला. त्यासाठी तिला वांद्र्याचा लिंकिंग रोड हवा, मला कल्याण स्टेशनबाहेरचा बाजार पुरे वाटतो. येत्या रविवारी ठरेल.